रजियाबीचा बोकड

२० ऑगस्ट १९४८
भाडेकरू ठेवताना अट एकच घातली होती, जनावर नको. आणि आज अंगणात बोकड! माझी कोथिंबीर फस्त करून वर माझ्याकडेच बघत उभा. रजियाबीला विचारलं तर म्हणते, "यूसुफ लाया बाई. ईद तकीच है. अपने हाथ से पालतूं बोला." यूसुफ तिचा एकुलता. बावीस वर्षांचा घोडा झालाय आणि बोकडाला खांद्यावर घेऊन फिरतो. चांगलं ठणकावून यायचं म्हणून गेले आणि तिचा चहा पिऊन परत आले. माझं हे असंच.

२ सप्टेंबर
शिकवायला गेले तर शाळेत निम्म्या मुली नाहीत. दंगलीच्या भीतीनं घरचे घेऊन गेले, कुणी सोलापूरला, कुणी नागपूरला. नारायणगुड्याहून भावोजी आले. "वहिनी, तुम्ही पण जा." कुठे जाऊ? हे वारल्यापासून घर यांच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे भावोजींच्या नावावर. चिक्कडपल्लीतल्या या चार भिंतींशिवाय मला आहे काय? जाताना त्यांनी बोकड बघितला. कपाळाला आठी.

११ सप्टें.
यूसुफ बिदरला गेला, मावशीला आणायला. ती तिथं एकटी आहे. दिवस असे, नको जाऊस म्हटलं, ऐकेना. निघताना मलाच बजावतो, "मुन्ने कू मारो नक्को बाई." मुन्ना म्हणजे बोकड!

१८ सप्टें.
संपलं एकदाचं. निजाम शरण आला. रस्त्यात तिरंगे, पेढे, ओळख नसलेले लोक गळ्यात पडताहेत. हे असते तर… खूप रडले, आनंदानं. घरी आले तर रजियाबीची खिडकी बंद. यूसुफ आलेला नाही.

२७ सप्टें.
बिदरकडून येणारे तिथल्या मुसलमानांचं जे सांगतात ते लिहवत नाही. र.बी रोज नामपल्ली स्टेशनवर जाऊन बसते. स्वतः काही खात नाही. बोकडाला मात्र हातानं पाला भरवते. "उसकी अमानत है," म्हणते.

३ ऑक्टो. घट बसले.
भावोजी आले. "जनावर नको ही तुमचीच अट ना वहिनी? मोडली तिनं. खोल्या खाली करून घ्या. गल्लीतले पण तेच म्हणतात." गल्लीत घरोघर शेळ्या आहेत. त्यांना कुणी विचारत नाही. बोकडाचं नुसतं निमित्त, घालवायचंय तिला.
र.बीला म्हटलं, बोकड देऊन टाक कुणाला तरी, डोक्यावर छप्पर तरी राहील. तर म्हणते, "उने आके पूछा तो क्या बोलूं?" मी संतापले, नको ते बोलले. कुठे जाणार ही बाई? आणि मी कुणाकुणाशी भांडू?

६ ऑक्टो.
भावोजी दोन माणसं घेऊन आले, सामान बाहेर काढायला. माझ्या तोंडून निघून गेलं, "बोकड माझा आहे. तुळजाभवानीला सोडलाय, नवसाचा." भावोजी हात जोडून मागं सरले. आमच्या घरात देवीपुढं कुणाची टाप नाही. खोटं बोलले, तेही नवरात्रात. आई, पदरात घे. पण गेले ते!

९ ऑक्टो.
आगीतून फुफाट्यात. भावोजींचा निरोप: देवीचं देणं ठेवू नये, दसऱ्याला सकाळी कापणारा घेऊन येतो. र.बीला सांगितलं. वाटलं आकांत करील. तिनं एवढंच विचारलं, "तुम्हारी देवी कू मन्नत का जानवर कब देते बाई? काम होने से पैले, के बाद?"
"बाद."
मग पाला तोडायला गेली. तिनं काय सुचवलं ते कळायला मला, शिकल्यासवरलेलीला, संध्याकाळ झाली.

१२ ऑक्टो. दसरा
भावोजी आले. मागं सुरीवाला. मी बोकडासमोर उभी राहिले. म्हटलं, "नवस अजून पुरा झाला नाही. त्याआधी फेडत नाहीत."
"कशाचा नवस?"
"यूसुफ सुखरूप घरी येऊ दे, याचा."
"त्यांच्या पोरासाठी? आपल्या देवीला?"
"हो."
"आणि आलाच नाही तर?"
रजियाबी दारातच उभी. मराठी सगळं कळतं तिला. भावोजी सोनं न देताच गेले. दिवाळीपर्यंत बघतो म्हणाले, मग दोघींनाही बाहेर काढीन. काढतील. भीती वाटते. फार वाटते.

१४ ऑक्टो. बकरीद
र.बीनं कुर्बानी केली नाही. मुन्ना माझ्या शेवंतीत.
सकाळी ध्यानात आलं, भावोजींना सांगितलं, गल्लीला सांगितलं, देवीला मात्र मी काहीच मागितलेलं नाही. अंघोळ करून देव्हाऱ्यापुढं बसले. र.बी उंबऱ्याबाहेर येऊन बसली. मी "यूसुफला…" म्हणते तोच तिनं अडवलं.
"पूरा नाम लेव बाई. बाप का भी. यूसुफ भौत हैं."
पूर्ण नाव घेतलं. बापाचंही.