सन-हेची सुनावणी

६ सप्टें., शनि.
सकाळी सन-हे थालीपीठ शिकायला आली. आमची शेजारीण. कोरियात बावीस वर्षं सरकारी वकील होती. ती नोकरी सोडून वर्षभरासाठी इथे अमेरिकेत युनिव्हर्सिटीत आलीय. पहिलं थालीपीठ तव्यावर, तेवढ्यात सोलहून फोन. पिठाच्या हातानेच घेतला. ठेवला तर चेहरा पांढरा.
"मेधा, संविधान न्यायालयात न्यायाधीश म्हणून माझं नाव सुचवतायत."
मी किंचाळले. समीर दाढीच्या फेसासकट धावत आला, त्याला वाटलं मला भाजलं. थालीपीठ कोळसा.

७ सप्टें.
अजून हो म्हणाली नाहीये. कॅनॉलवर फिरायला नेलं, तिथे सांगितलं. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका ट्रकड्रायव्हरला गोदाम जाळल्याबद्दल तिने शिक्षा मिळवून दिली. तो सहा वर्षं आत. मग खरा गुन्हेगार सापडला. ही ड्रायव्हरच्या घरी गेली, माफी मागितली, फेरखटल्यात स्वतः उभी राहून म्हणाली, हा निर्दोष आहे. ऑफिसात लोक बोलेनासे झाले.
"संसदेतल्या सुनावणीत हेच काढतील."
"मग त्यांच्या आधी तूच सांग ना."


८ सप्टें.
हो म्हणाली!!! आमची इरा शाळेतून आल्या आल्या, "वेट, सन-हे मावशी जज होणार? लाइक, फॉर द होल कंट्री?" रात्री जेवायला श्रीखंड.

२० सप्टें.
एअरपोर्टला सोडलं. भाजणीचं पाकीट तिच्या बॅगेत कोंबलं. म्हणाली, कस्टम्सने विचारलं तर? म्हटलं, वकील तू आहेस, तूच बघ. जाताना दोघींनी रडायचं नाही असं ठरलेलं. मी पाळलं नाही.

१६ ऑक्टो., गुरु.
सुनावणी. तिकडे रात्रीचे आठ, इकडे सकाळचा चहा. इराला शाळेला उशीर, जाऊ दे. लॅपटॉपवर मोडकी इंग्रजी सबटायटल्स. कुणी विचारायच्या आत तिने ट्रकड्रायव्हरची केस सांगून टाकली. तरी एक खासदार उखडला, निर्दोष माणसाला आत टाकणारी न्यायाधीश कशी चालेल?
"प्रश्न योग्य आहे," सन-हे म्हणाली. "पुरावा मला पुरेसा वाटला, म्हणून मी पुढे शोधलंच नाही. चूक माझी होती. त्यांची सहा वर्षं मला परत देता येणार नाहीत."
खासदार कागद चाळत बसला. समीर हळूच, "जिंकली यार."

२३ ऑक्टो.
मतदान झालं. पास! मेसेजमध्ये एकच शब्द आणि अकरा उद्गारचिन्हं. तिने. जिने आजवर मला कधी स्मायलीसुद्धा पाठवला नाही!

१५ नोव्हें., शनि.
व्हिडिओ कॉल. न्यायाधीशाचा जांभळट लाल झगा दाखवला, गोल गिरकी घेऊन. परवा पहिली सुनावणी झाली. वकील बोलायला उठले आणि सवयीने हीसुद्धा ताडकन उभी राहिली! बाकी आठ न्यायाधीश बघतच राहिले. सांगताना हसून हसून डोळ्यांत पाणी.
खटला एका कायद्याविरुद्धचा. तोच कायदा तिने सरकारी वकील असताना कितीतरी जणांना लावलेला.
"मग रद्द करणार?"
"सांगायचं नसतं, मेधा." मग, "आणि खरं सांगू? मलाच अजून माहीत नाही."