नर क्रमांक एकतीस

२ सप्टेंबर
आलो एकदाचा! बसनं हाडं खिळखिळी केली, पण जागा बघून सगळा शीण गेला. टेकडीला कापत जाणारा डांबरी रस्ता, त्याच्या कडेला बैठं केंद्र, दाराशीच बसचा थांबा. माझी खोली काडेपेटीएवढी असली तरी खिडकी ऐसपैस आहे. काम दीड महिन्याचं. इथले टॅरँट्युला, म्हणजे तळहाताएवढे केसाळ कोळी, ओळखायचे, मोजायचे आणि जपायचे. या टेकडीशिवाय ते कुठे उरले नाहीत म्हणे. केंद्र चालवतात त्या बाई साठीच्या, बोलणं मोजूनमापून. स्वयंपाक त्यांची धाकटी बहीण करते, तिला सगळे मावशी म्हणतात. मी तीनदा वाढून घेतलं, मावशी खूश. घरची आठवण येतेच. ही बाळंतपणाला तिच्या आईकडे आहे, डॉक्टरांनी वीस ऑक्टोबर तारीख दिलीय. अठराला पोचतो म्हणून शब्द देऊन आलोय. नाही पोचलो तर सासूबाई जन्मभर ऐकवतील, आणि ते बरोबरच असेल.

६ सप्टेंबर
आज माझी पुरती शोभा झाली. चार दिवसांत चार जाती शोधल्या होत्या: तपकिरी, काळी, निळसर झाक असलेली आणि तांब्याच्या रंगाची. मोठ्या ऐटीत वही बाईंपुढे ठेवली, तर त्या चहा सांडेपर्यंत हसल्या. जात एकच! कात टाकली की रंग गडद होतो, दिवस गेले की विटतो, शिवाय प्रत्येकाची छटा वेगळी. रंगावर जाल तर फसाल, ओळख पटते ती टाकलेल्या कातीवरून, असं म्हणून त्यांनी भिंगाखाली नर-मादी ओळखायला शिकवलं. मादी वीस-पंचवीस वर्षं एकाच बिळात काढते. नराचं मात्र शेवटची कात टाकली की अन्न सुटतं, बीळ सुटतं. मादीच्या शोधात तो चालत सुटतो, तिच्या बिळाच्या तोंडाशी पायांनी टकटक करतो आणि त्याच हंगामात मरतो. मी म्हटलं, बिचारा. मावशी म्हणाल्या, त्यात बिचारं काय, तेवढ्यासाठीच असतो तो.

११ सप्टेंबर
नरांचा हंगाम सुरू झाला. संध्याकाळी पाचच्या सुमाराला ते रस्ता ओलांडायला निघतात आणि गाड्यांखाली सापडतात. म्हणून आम्ही तिघं डबे घेऊन उभे. नर अलगद डब्यात घ्यायचा, पाठीवर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, त्यावर क्रमांक घालायचा, वहीत नोंद करायची आणि पलीकडे सोडून द्यायचा. इतके बारीक आकडे काढण्यात बाईंचा हात धरणारं कोणी नाही. आज अकरा वाचवले. एक डोळ्यांदेखत चाकाखाली गेला, वाईट वाटलं. हिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, बाळाला कोळी दाखवत बसलात तर याद राखा.

२० सप्टेंबर
तीन दिवस तापानं फणफणलो. ताप उतरला आणि अंगाची साल निघायला लागली, हातांची तर अख्खी मोज्यासारखी. मावशींनी ती सगळी वेचून डबीत भरली. बाईंनी एक तुकडा चिमट्यानं भिंगाखाली धरला, बराच वेळ पाहिला आणि मावशींना म्हणाल्या, शेवटची. मला वाटलं थट्टा चाललीय, म्हणून हसलो. त्या दोघी हसल्या नाहीत. खालची नवी कातडी काळपट आलीय.

२७ सप्टेंबर
जेवण जात नाही. मला, आणि जेवण जात नाही! ताट पाहिलं की मळमळतं. मावशी आग्रह करत नाहीत, आता माझं ताटच घेत नाहीत. पाय सारखे शिवशिवतात, एका जागी बसवत नाही.

३ ऑक्टोबर
न्हाव्याकडे गेलो होतो. मान भादरता भादरता तो थांबला. हा पिवळा ठिपका कसला आणि त्यावर एकतीस का लिहिलंय, असं विचारलं. आरसा धरून दाखवला. अक्षर बाईंचं. घासून घासून कातडी सोलली तरी रंग निघेना. मागच्या वर्षी केंद्रात आलेल्या माणसाच्या मानेवरही असाच होता म्हणे. तो पुढे कुठे गेला ते न्हाव्याला माहीत नाही.
परत येऊन नोंदवही उघडली. तीस, कोळी. बत्तीस, कोळी. मधे एकतीस: नर, उंची साडेपाच फूट, रंग काळपट, अन्न सुटले. मागची पानं चाळली. दर वर्षी असा एक आहे. ‘पुन्हा दिसला का’ या रकान्यात सगळ्यांपुढे ‘नाही’.
बाईंना जाब विचारला. जपायचं तर नोंद ठेवावी लागते, एवढंच म्हणाल्या. खड्ड्यात गेली ती नोकरी. उद्या सकाळची पहिली बस.

४ ऑक्टोबर
बससाठी दाराबाहेर पाऊल टाकलं. भानावर आलो तेव्हा दुपार झालेली आणि मी टेकडीच्या मागच्या अंगाला. तळव्यांतून रक्त येत होतं. देवा, मला भीती वाटतेय.

९ ऑक्टोबर
पुन्हा तेच. दर वेळी घरीच जायला निघतो, आईशप्पथ. पाय ऐकत नाहीत. काल पलंगाला बांधून घेतले, मावशींनी गाठी सोडल्या. पाच वाजता दोघींनी दंडाला धरून रस्ता ओलांडून दिला. बाईंनी हात करून ट्रक थांबवला. पलीकडे सोडलं आणि मागे न बघता गेल्या.

१३ ऑक्टोबर
हिला फोन करून रडलो. मेव्हण्याला पाठवते म्हणाली. तो येऊन गेलासुद्धा. मी कधीच निघालोय, चालत गेलो, असं बाईंनी सांगितलं त्याला म्हणे. मी टेकडीवरून त्याची गाडी पाहत होतो. हाका मारल्या. आवाज—

१८ ऑक्टोबर
आज पोचायचं होतं. थांबलो की पाय आपले आपण— केंद्र कुठल्या बाजूला राहिलं? वही खिशात आहे. बाकी काही नाही, फोन आहे. चार्जिंग थोडं.

१९
सासूबाईंचा फोन. मुलगी! दोघी सुखरूप. ही विचारतेय, कुठवर आलात. आलोच म्हटलं. फोन गेला. माझी मुलगी—

संध्याकाळ
घर दिसलं. टेकडीच्या पोटात दार— असू दे. घर आहे. दाराशी कितीतरी चपला. माणसं आली असणार बाळाला बघायला.
सगळ्या पुरुषांच्या.
एकीत माती भरून गवत उगवलंय—
वळ. वळ ना मागे. बोटं दारावर टकटक करतायत, मी नाही करत, माझी बोटं— ती वाट बघतेय रे, तान्ही आहे पोर, वळ—
कडी निघाली.
ही नाही. ही न