गोजरबाईच्या लेकीचं माप

औंढा नागनाथ
५ डिसेंबर २०२४

ती. अक्कास करुणाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर बोललं की घरभर ऐकतात, म्हणून लिहिते. माझी हळदीच्या पानाची वीण नांदेडच्या दुकानदाराला पसंत पडली. स्वेटरच्या चिठ्ठीवर नाव माझंच लागणार. आता डिझायनर बाई म्हणत जा! माझ्या विणकामाच्या वर्गात तर बसायला जागा न्हाई.

एक काम आहे. तुमच्या कुरुंद्याची गोजरबाई दर हिवाळ्यात येते. लेकीसाठी, राधिकासाठी, माझ्याकडून स्वेटरचा नवा नमुना घेते, शिकते, विणते. माप तोंडीच सांगते. दरसाल थोडं वाढतं. पोरगी मात्र कधी दिसली न्हाई. मी म्हटलं, एकदा घेऊन या, माप बराबर घेईन. तर हसून म्हणाली, विचारते तिला. लेकरू आजारी असतं का, जरा बघशील?

लोभाचा टाका सुटू देऊ नकोस.
तुझी करुणा

कुरुंदा
११ डिसेंबर

चि. करुणास जयभीम आणि आशीर्वाद.

तुझी हुशारी गावभर सांगून राहिले. पण गोजरबाईचं वाचून तशीच तिच्या घरी गेले. तिची राधिका अंगणवाडीच्या वयातच तापानं गेली. तवा तुझा वर्ग उघडलाबी नव्हता. तिच्या सासूनं रडत सांगितलं. स्वेटर कुठं जातात, तिलाबी ठाऊक न्हाई.

माय, आता नमुना देऊ नको. गोडीनं न्हाई म्हण. बोभाटा झाला तर बायका यायच्या बंद होतील. केवढ्या कष्टानं वर्ग उभा केलास तू. पत्र लवकर टाक, जीव टांगणीला आहे.

तुझी सत्यशीला अक्का

औंढा नागनाथ
१९ डिसेंबर

ती. अक्कास जयभीम.

गोजरबाई आली. मी गोडीनंच न्हाई म्हटलं. तिनं पिशवीतून गेल्या वर्षीचा स्वेटर काढला. आधी एवढा दुरुस्त करून द्या, म्हणाली. अक्का, कोपरं झिजून विरली होती. बाहीची कड चावून चावून चोथा झालेली. वीण माझीच. बायकांच्या सुया थांबल्या.

मग म्हणाली, तुमी म्हणलात म्हणून पोरीला आणलंय, भायेर उभी हाये, लाजून राहिली.

टेप घेऊन मी ओट्यावर गेले. भर उन्हात कुणीच नव्हतं. माघारी वळणार, तोच टेपचं लोंबतं टोक कुणीतरी हळूच धरलं आणि हात लांब करावा तसं ताणलं. आकडा वाचला, आत येऊन सांगितला. गोजरबाई म्हणाली, बराबर. वाढली माझी बाय.

आता वर्गाला दोघीतिघीच येतात. रागावू नकोस, अक्का. नमुना मी दिला. गळा जरा सैल ठेवलाय. डोक्यातून घालताना तिनं रडू नये म्हणून.

माया पातळ करू नकोस.
करुणा