रायीतलं गाऱ्हाणं

प्रिय तेजू,

फोनच केला असता, पण तुमच्या घरात सगळे फोन स्पीकरवर टाकून बोलतात. मला जे सांगायचंय ते भिंतींनाही ऐकवायचं नाही. म्हणून हे पत्र. नीराबाईचा अल्पेश आज कोर्टाच्या कामाला अलिबागला निघालाय, त्याच्या हाती देते. अक्षराला हसू नको, आणि जावईबापू रितेशरावांच्या नजरेला पडायच्या आत वाचून टाक.

देवीची राय तोडणार आहेत गो. हरिहरेश्वरला येणाऱ्या लोकांसाठी वर माळावर हॉटेल होतंय, आणि त्याचा रस्ता म्हणे रायीतूनच जायला हवा. गावचं मुंबईकर मंडळ एका रविवारी आलं, मटण जेवलं, सभेत हात वर केले आणि संध्याकाळच्या एसटीने परत गेलं. बदल्यात देवीला मार्बलचं देऊळ मिळणार. तिने कधी मागितलं होतं कुणास ठाऊक! तुझे बाबाही खाली मान घालून बसले. अख्ख्या गावासमोर एकट्याने काय बोलायचं, म्हणतात.

आपण काही साधुसंत नाही. पेरणीआधी जमीन भाजायला डोंगरावरच्या ऐनाचे टहाळे मी दरवर्षी तोडतेच की. पण रायीत कधी कोयता नेला नाही. लहानपणी तू तिथली वाळकी काटकी चुलीसाठी आणलीस, तेव्हा तुला तशीच माघारी पिटाळली होती, आठवतं? रायीखालचा झरा भर मे महिन्यात गावाला पाणी पाजतो. नळ आल्यापासून त्याला कोणी विचारत नाही, आणि नळ आटला की हंडे घेऊन सगळ्याजणी तिकडेच पळतो. शेतावरून येताना घटकाभर आत टेकलं, की जीव थंड होतो. हे सभेत कसं सांगायचं, आम्हाला कुठे येतं?

आणि सभेत आम्हा बायकांना विचारलंच नाही. मग गेल्या शुक्रवारी आम्ही परस्पर रायीत गेलो. गुरव पडला पुरुषांच्या बाजूचा, तेव्हा गाऱ्हाणं मीच घातलं. नारळ ठेवून म्हटलं, आई, तुझ्या झाडाला जो पहिला हात लावील त्याला तू बघून घे, त्याच्या घरात सुख नांदू देऊ नको. सगळ्या बायका रडत रडत 'व्हय म्हाराजा' म्हणाल्या. मला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

काल शाळेमागे जेसीबी येऊन उभा राहिला. चार शिव्या घालायला म्हणूनच मी गेले. समोरच्या काचेवर झेंडूची माळ, आणि तिच्याखाली लाल अक्षरांत तुझं नाव. ड्रायव्हर मोठ्या कौतुकाने सांगत होता, सासुरवाडीचं काम आहे म्हणून शेठ सोमवारी स्वतः येणार, नारळ फोडून पहिलं झाड तेच पाडणार. तुला हे ठाऊक होतं का, ते मी विचारणार नाही.

तशीच गुरवाकडे धावले. तो म्हणाला, ज्यांनी मिळून घातलं त्यांनी मिळूनच गाऱ्हाणं उतरवायचं. मग शेजारच्या कृष्णाबाईचे पाय धरले. ती म्हणाली, आपल्या माणसावर आलं म्हणून देवीला खोटं पाडायचं का? ती बरोबरच बोलली गो, मी तिच्या जागी असते तर हेच बोलले असते.

तेजू, रितेशरावांच्या घरात तू आहेस, आणि त्यातून दोन जिवांची. सोमवारी त्यांना घराबाहेर पडू देऊ नको. पोटात दुखतंय म्हण, काय वाटेल ते म्हण. राय वाचायची नाही, ते मला कळतंय. रितेशराव आले नाहीत तर पहिलं झाड तो ड्रायव्हर पाडेल. काल त्याने माझ्याकडे पाणी मागितलं, मी दिलं. त्यालाही कुठेतरी आई असेलच. सकाळपासून दोनदा देवीसमोर गेले, हात जोडले आणि तशीच परत आले. घातलेलं गाऱ्हाणं तिने ऐकावं म्हणून मागू, की ऐकू नये म्हणून?

तुझीच,
आई