पाचवा खडा

१९ एप्रिल १९३१, शहादे

पोचलो एकदाचे. नंदुरबार स्टेशनावर मिरचीच्या वखारींनी स्वागत केलं. मी, सुगंधा आणि दोन्ही पोरं शिंकून बेजार, हमाल आम्हाला हसून बेजार. पुढे बैलगाडी. एका पोराला पाण्याची धास्ती, ते वाटेतला ओढा बघूनही आईला चिकटलं. दुसऱ्याचा मात्र वाटभर एकच धोशा, तात्या, पोहायला शिकवा. शाळेला सुट्टी लागली की शिकवीन, असा शब्द दिलाय. घरमालक भीकमचंद शेटजी भला माणूस. माठ भरून ठेवला होता.

५ मे

सुट्टी लागली आणि उकाड्याने जीव नकोसा झाला. गोमाई नदी म्हणजे नुसती वाळू. शेटजींच्या विहिरीत उतरू म्हटलं, तर ते पिण्याचं पाणी. ब्राह्मणपुरीला बावडी आहे असं कळलं म्हणून भर उन्हात सगळ्यांना घेऊन गेलो, तर तळाशी चिखल आणि चिखलात म्हैस. गाडीवान छगन पोचल्यावर म्हणतो, पानी नही शे, मास्तर. अरे, मग निघताना तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का? घरी पुन्हा तोच धोशा. शब्द देऊन फसलो.

९ मे

सापडलं. तोरणमाळच्या पायथ्याशी खडकात गार डोह आहे. तिथे गुरं राखणाऱ्या रेवजी नावाच्या, पावरा जमातीच्या म्हाताऱ्याने अडवलं. जितकी माणसं उतरणार तितके खडे काठावर मांडायचे. पाणी खडे मोजतं आणि तितकीच माणसं परत देतं. आता हे आणखी एक खूळ. वैतागून चार खडे मांडले. रेवजी गुरांमागे गेल्यावर सुगंधाने पाचवा ठेवला. चार म्हणजे खांदेकरी, पाच असलेले बरे, म्हणाली.

मनसोक्त डुंबलो. शिकवायचं राहिलंच, ऊन कलू लागलं होतं. निघताना ज्याने त्याने आपला खडा पाण्यात टाकला. काठ रिकामा झाला. परतताना गाडीत इतकी दाटी झाली की छगनवर ओरडलो.

११ मे

पोरांची उशी काल आणि आजही सकाळी ओलीचिंब. तिघं एकाच अंथरुणावर निजतात, रागवायचं कुणाला? जेवायला ताट कमी पडतं. सुगंधाला विचारलं, चारच कशी आणलीस? तिलाही आठवेना.

१२ मे

सहज मागची पानं चाळली. 'दोन्ही पोरं.' अक्षर माझंच.

घरात तीन आहेत. छबू, मनू, अंबू. तिन्ही बारशी मला आठवतात. सुगंधा म्हणते तिन्ही माझ्या पोटची, पुन्हा विचाराल तर विहीर जवळ करीन. रोज हजेरी घेणारा मास्तर मी, आणि घरच्या पोरांची नावं लिहिली नाहीत. वही भिंतीवर फेकली.

१३ मे

रेवजीला गाठलं. त्याला पाचव्या खड्याचं सांगितलं. म्हणाला, पाण्याचं ते अमावास्येच्या आत पाण्याला द्या, नाहीतर ते तुमची दोघं ओढून नेईल. ओळखायचं कसं? त्याचा तर्क एवढाच, की पाण्याचं असेल ते हसत पाण्यात शिरेल.

अमावास्येला चार दिवस.

१६ मे, डोहाकाठी

सुगंधाला सांगितलं नाही. तिघींना आणलं. छबू आणि अंबू मागे सरल्या. मनू हसत पुढे —

आता शिकवणार ना तात्या, म्हणाली. हो म्हटलं. हात धरून खोल नेलं. सोडला —

हसू थांबलं. तात्या, तात्या —

झालं. दोन उरल्या. बरोबर दोन.

ऊन असं की माझं धोतर वाळलंसुद्धा. या दोघी तर पाण्यात उतरल्याच नाहीत. मग अंबूच्या केसांतून — पुसले. पुन्हा गळतात. तीनदा पुसले —

वहीचं पहिलं पान काढलं. एका पोराला पाण्याची धास्ती. दुसऱ्याचा मात्र वाटभर एकच —