अडीनडीचं पाकीट

प्रिय ताई,

प्रभूच्या नावात तुम्हाला सलाम, आणि तुमच्या दोन्ही गुडघ्यांनाही. मागच्या पत्रात तुमचा डावा दुखत होता, त्याआधीच्या पत्रात उजवा, तेव्हा एकाचीच चौकशी केली तर दुसरा रुसायचा. तेल चोळता ना रोज? की नुसती प्रार्थनाच करता? (दोन्ही करा. प्रार्थनेवर माझा पूर्ण विश्वास आहे, पण तेलाचा गुण मी डोळ्यांनी पाहिलेला आहे.) आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुमचे बंधुराज ठणठणीत आहेत, त्यांना काय धाड भरलीय. बिघडलं होतं ते माझं शिलाई मशीन, आणि त्यापायी जे झालं ते तुमच्याशिवाय कोणाला सांगायची सोय नाही, कारण बाकी सगळ्यांना ते आधीच माहीत आहे.

सुरुवात झाली ती आमच्या मंडळीतल्या शिबिरापासून. विश्वासणाऱ्यानं पैसा कसा सांभाळावा, यावर बाहेरून एक भाऊ शिकवायला आले होते. चर्चमागच्या हॉलमध्ये दोन दिवस, सकाळ-दुपार. भाऊ मोठ्या लांबलचक गाडीतून आले आणि साधी राहणी या विषयापासून त्यांनी सुरुवात केली. पैसा आपला नाही, देवाचा आहे, आपण नुसते कारभारी. कर्ज म्हणजे बंधन, तेव्हा कर्ज काढू नये. (शिबिराची फी हप्त्यानं भरायची सोय होती, हे जाता जाता सांगते.) मिळकतीचा दहावा भाग, म्हणजे दशांश, देवासाठी आधी काढावा, मग बाकीचे खर्च. आणि दान गुपचूप करावं, घरच्या माणसालासुद्धा पत्ता लागू देऊ नये. ताई, यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी स्वतः मान डोलावत होते. पण काही माणसांना खरं वाक्य ऐकवणंसुद्धा धोक्याचं असतं, आणि त्यातलं एक तुम्ही लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलंत आणि मी पदरात घेतलं.

शेवटी भाऊंनी एक पत्र्याची पेटी विकायला काढली, आत पाकिटं. ह्यांनी पहिला हात वर केला. तुम्हाला ठाऊक आहे, ह्यांची नोकरी दुकानदारांची वजनं तपासायची. किलोच्या वजनात चिमूटभर कमी भरलं तरी ह्यांचा दिवस खराब जातो. अशा माणसाच्या हातात पाकिटं दिल्यावर काय होणार? देवाचं पाकीट, घराचं पाकीट, विजेचं, भाजीचं, तुमचं (महिन्याला तुम्हाला येतात ते), अडीनडीचं, आणि मौजमजेचं. मौजमजेच्या पाकिटात एक सेफ्टी पिन आहे, ती कुठून आली देव जाणे. नियम असा की एका पाकिटातून दुसऱ्यात उसने घ्यायचे नाहीत, कारण ते कर्ज झालं, आणि कर्ज म्हणजे बंधन. म्हणजे भाजीचं पाकीट संपलं की विजेच्या पाकिटाकडे बघत कोरडी भाकरी खायची, आणि विजेचं संपलं की पोटभर जेवून पंख्याशिवाय घाम गाळायचा. मी एकदा विचारलं, अहो, ही सगळी पाकिटं एकाच घरातली नाहीत का? तर म्हणाले, शिस्त म्हणजे शिस्त. पेटीची किल्ली मोज्यात ठेवतात.

त्यात माझं मशीन बंद पडलं. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर घेतलेली, शाळा उघडायच्या आत कपडे पोचले नाहीत तर कंत्राटदार पुढच्या वर्षीपासून दुसरी बाई बघणार, हे त्यानं हसत हसत सांगितलेलं. (हसत सांगतात ते लोक तसंच करतात.) मिस्त्रीनं मशीन उलटं करून पाहिलं आणि डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. त्याच्याच ओळखीत एक जुनं पण दणकट मशीन विकायला होतं. मी निश्चिंत होते. अडीनडीच्या पाकिटात पुरेसे पैसे होते आणि ते माझ्याच शिलाईचे होते. ह्यांचा पगार बाकीच्या पाकिटांना पुरता पुरत नाही. ह्यांनी मानही हलवली, महिनाअखेरचा हिशेब झाला की घे म्हणाले. तोवर मी हातानं टाके घालत पायरीवर बसायचे, कारण आत दिवा लावला की विजेचं पाकीट कण्हायला लागतं.

आता ह्यांच्या बुटाचं सांगायला हवं. बसचे पैसे वाचवायला हे पायी जायला लागले आणि तळवा सुटला. बुटाला पाकीट नाही. म्हणून ह्यांनी बूट सुतळीनं बांधला आणि त्याच बुटानं दर रविवारी पहिल्या बाकापर्यंत चालत गेले, ताठ मानेनं. वर शिबिरात प्रत्येक घराला एक तपासनीस सोबती नेमून दिला होता, त्यानं दर आठवड्याला येऊन तुमचा खर्च बघायचा. आमच्या वाट्याला बँकेतून निवृत्त झालेले कॅशियरभाऊ आले. फार मऊ मनाचा माणूस. चहाची पत्ती संपत आलेली, म्हणून मी त्यांना नुसतं गरम पाणी रंगवून द्यायचे. बिस्किट एकच उरलं होतं, ते ह्यांनी पट्टी लावल्यासारखं मधोमध मोडून दोघांत वाटलं. कॅशियरभाऊंनी ते अर्धं बिस्किट परत बशीत ठेवलं आणि म्हणाले, तुम्हीच घ्या वहिनी. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मी काजं करत होते.

पुढच्याच रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेनंतर जाहीर केलं की आपल्याच मंडळीतलं एक कुटुंब फार हलाखीत आहे. त्यांचा मान राखायचा म्हणून नाव सांगणार नाही. ज्याला द्यायचं त्यानं बंद पाकिटात, नाव न घालता द्यावं, आणि ती पाकिटं न फोडता तशीच त्या घरी पोचवली जातील. ताई, सगळी मंडळी हळूहळू आमच्या बाकाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती. मला वाटलं, मी केसांना लावलेली पिन सुटली असेल. ह्यांचे डोळे भरून आले. घरी येईपर्यंत सांगत होते की बघ, आपल्याला निदान दोन वेळचं मिळतं, त्या बिचाऱ्यांचं काय होत असेल. मलाही वाईट वाटलं. बटणांच्या डब्यात माझे थोडे पैसे साठवलेले होते, ते मी कपडे बेतायच्या खाकी कागदात गुंडाळून चर्चच्या दानपेटीत टाकून आले. ह्यांना सांगितलं नाही, शिकवणच तशी होती.

महिनाअखेर आली, मी ह्यांच्याकडून किल्ली मागून घेतली, आणि अडीनडीचं पाकीट जाग्यावर नाही. हे खिडकीबाहेर बघत होते. विचारलं, तर दान गुप्त असतं म्हणाले. मग मी जरा आवाज चढवून विचारलं, तेव्हा म्हणाले, आपल्यापेक्षा ज्यांना जास्त गरज आहे त्यांना दिलं, देव परत करील. मी म्हटलं देव करील हो, पण कंत्राटदार थांबणार आहे का? मला विचारायचं तरी होतं, पैसे माझ्या पाठीच्या कण्यातून आलेले आहेत. तर म्हणे विचारलं असतं तर गुप्त कसं राहिलं असतं. ताई, मी त्या दिवशी रडले, खोटं कशाला सांगू. गणवेशांचा गठ्ठा कोपऱ्यात तसाच पडलेला, बोटं सुजलेली, आणि हा माणूस स्वतःवर खूश होऊन भजन गुणगुणत होता.

दोनच दिवसांनी संध्याकाळी पाळकसाहेब, महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई आणि कॅशियरभाऊ असे तिघं दारात. हातात कापडी पिशवी. ह्यांना वाटलं, त्या गरीब कुटुंबाचं काय करावं याचा सल्ला घ्यायला आलेत. (पेटी पहिल्यांदा कोणी घेतली होती?) पाळकसाहेब काही बोलायच्या आतच ह्यांनी सुरू केलं. म्हणे, पैसे देताय ते ठीक, पण अशा लोकांच्या हातात रोकड देऊन उपयोग नाही. ही वेळ त्यांच्यावर आली ती नियोजन नाही म्हणून. नवऱ्याला शिस्त नसणार, बायको उधळी असणार. (हे म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही, एवढं खरं.) आधी त्यांना पाकिटं करायला शिकवा. पाळकसाहेबांचा चेहरा लाल झाला. अध्यक्षीणबाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या, तेही मागच्या वर्षीचं. कॅशियरभाऊंनी हात जोडले आणि हलक्या आवाजात म्हणाले, भाऊ, मनाला लावून घेऊ नका. आणि पिशवी ह्यांच्या पुढ्यात ठेवून तिघंही न बसता निघून गेले.

पिशवीत वरतीच एक पाकीट होतं, त्यावर लाल शाईनं काहीतरी खोडलेलं. लाल शाई ह्यांचीच, खोडलेला शब्दही ह्यांचाच, अडीनडी. त्याच्याखाली माझा खाकी कागद. ह्यांनी पाकीट उलटंसुलटं केलं. सुतळी बांधलेल्या बुटाकडे बघितलं, अर्ध्या विझलेल्या घराकडे बघितलं, आणि मग, तुमची शपथ, खोटं वाटेल, पण वही घेऊन आलेल्या रकमेचा दशांश किती होतो ते काढायला बसले. मी म्हटलं, अहो, स्वतःच स्वतःला दिलेल्या दानाचाही दशांश? तेव्हा कुठे पेन्सिल खाली ठेवली. परत करावे तर कोणाला, सगळंच गुप्त. आम्ही गरीब नाही म्हणून सांगावं, तर आत्ताच दिलेलं भाषण आठवणार. शेवटी ठरवलं, यातलं काही आपलं नाही, सगळं चर्चच्या छपराच्या दुरुस्तीला. पाळकसाहेबांना तोंड दाखवायची लाज वाटत होती म्हणून हे मला म्हणाले, तूच नेऊन दे.

मी नेऊन दिले. अध्यक्षीणबाईंना रडू फुटलं. अन्नाला महाग झालेलं कुटुंब आलेलं सगळं छपराला देऊन टाकतं, हे त्या आता घरोघर सांगत फिरताहेत, आणि ऐकते त्याप्रमाणे आमच्यासाठी दुसरी वर्गणी काढायचं घाटतंय. तुमचा भाऊ इथे मोठा संत झालाय. आणखी काय लिहू. गणवेश वेळेवर गेले, शाळा उघडली, देवाची कृपा.

वडीलधाऱ्या म्हणून तुम्हाला नमस्कार, नणंद म्हणून थोडा वचक, आणि जिला सगळं सांगता येतं अशी एकटी तुम्ही म्हणून गळाभेट.

तुमची,
भावजय

ता. क. : मशीनशिवाय गणवेश कसे गेले, हे तुम्ही विचारणारच. छपराला मी दोन पाकिटं सोडून बाकीची सगळी दिली. लाल शाईचं आणि खाकी कागदाचं, एवढी दोन ठेवून घेतली, कारण ती माझीच होती, आणि माझंच मला घ्यायला कोणत्याही शिबिरात बंदी सांगितलेली नाही. त्याच दुपारी मशीन घरी आणलं. ह्यांनी विचारलं कुठून आलं, आणि माझ्या तोंडून तुमचं नाव निघून गेलं. म्हटलं, ताईंना पेन्शनचा थकलेला फरक मिळाला, त्यांनी पाठवलं. तेव्हा मेहेरबानी करून ह्यांना दोन ओळी लिहा की मशीन मीच दिलं. हे पत्र मुळात त्यासाठी आहे, वरचं वाचलं नाहीत तरी चालेल.

ता. क. दुसरा : जड मनानं लिहिते. तुम्हाला फरक मिळाला हे ऐकून ह्यांनी देवाचे आभार मानले आणि तुमचं पाकीट बंद करून टाकलं. म्हणाले, ताई आता सुखात आहे. त्या क्षणी मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. ह्या महिन्याचे पैसे पत्राच्या घडीत आहेत, आणि दर महिन्याला मी शिलाईतून पाठवीन. मिळाले म्हणून लिहू नका, टपाल हेच उघडतात.

ता. क. तिसरा : पत्र बंद करणार होते, पण राहवत नाही. काल हे आपण होऊन मशीनपाशी आले. मशीनचा एक पाय डगडगत होता त्याखाली पुठ्ठा घातला, तेल दिलं, माझ्या डोळ्यांना सुईचं भोक दिसत नाही म्हणून दोरा ओवून दिला. मग मशीनवर हात ठेवून म्हणाले, आपल्या घरात दुसऱ्याची गरज ओळखून गुपचूप करणारं एकच माणूस आहे. आणि तुमचं नाव घेतलं. ताई, लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या तोंडून असं एक वाक्य निघायची वाट बघतेय. मशीन तुमच्या नावावर राहू द्या, मोठेपणाही घ्या. पण ते वाक्य माझं होतं. भेटाल तेव्हा काहीही करून तेवढं मला परत मिळवून द्या.