बाबांनी काढलेले फोटो

२ मार्च
अथ कॅमेरा-प्रकरण! माळ्यावरून बाबांचा कॅमेरा काढला. पंधराला आई दादाकडे राहायला जाणार — कायमची. त्याआधी तिचा एक फोटो हवा. बाबा काढायचे तसा, रोलवरचा. मोबाईलमध्ये दोनशे आहेत; पण त्यातली आई कुणाचीही आई वाटते.

३ मार्च
भिंगाच्या कडीवरचा आकडा वाढला की भोक लहान होतं, उजेड कमी शिरतो. शटरवरचे ६० म्हणजे साठ नव्हेत, सेकंदाचा साठावा भाग. शिवाय एकात कमी केलं की दुसऱ्यात भर घालायची. धातुरूपं घोकून मोठा झालेला माणूस मी. पण तिथले अपवाद निदान सांगून येतात!

४ मार्च
जुना अल्बम काढून बसलो. आई पायऱ्यांवर. आई सायकल धरून. आई मला टॉवेलात गुंडाळताना — मी अर्थातच भोकाड पसरलेला. प्रत्येक फोटोत तिच्या गालावर असा उजेड, की बोट लावून बघावंसं वाटतं. बाबांना साधा खिळा सरळ ठोकता यायचा नाही, पण उजेडावर काय हुकमत! पाहुणे आले की अल्बम निघायचा. बाबा एकेका फोटोची कथा सांगायचे, आई चहा टाकायला आत.

९ मार्च
पहिला रोल धुऊन आला. खिडकीपुढे बसवलेली आई — कोळसा! मागचा पडदा मात्र धाग्यादोऱ्यासकट. फोटोवाले म्हणाले, "सर, तुमच्या मीटरनं खिडकीचा उजेड मोजला. माणूस मोजायचा राहिला."
आई म्हणाली, "पडदा छान आलाय हो."

११ मार्च
फोटोवाल्यांच्या सल्ल्यानं आईच्या गालाशी तळहात धरला आणि त्यावरचा उजेड मोजला.
"फोटो काढतोयस की ताप बघतोयस?"
हसली, हलली, फोटो गेला. दुसरा रोलही निम्म्याच्या वर संपला. उरले चार दिवस.

१३ मार्च
तीच खिडकी, तीच खुर्ची. मी कडी फिरवतोय, पुन्हा मागे आणतोय. शेवटी आईच उठली. "आण इकडे."
खुर्चीच्या पाठीवरचा उजेड तिनं क्षणभर पाहिला. कडी फिरवली — टक्, टक्. आकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही!
"खिडकी पाठीशी असली की दोन घरं जास्त उघडायचं. आता मी बसते, तू दाब."
मी वाकून कडीवरचे आकडे वाचायला लागलो.
"अरे, तुझ्या बाबांना हे आकडे कधी कळले? मी लावून द्यायची आणि पळत जाऊन उभी राहायची. ते दाबायचे."
"मग इतकी वर्षं बोलली नाहीस कधी?"
"विचारलंत कधी? दाब आता, मान अवघडली."
दाबलं.
चाळीस वर्षं भलत्याच कवीला दाद देत होतो!

१५ मार्च
आईला पोचवून आलो. कॅमेरा तिच्या पिशवीत गेला, रोल आतच — मी काढलेला तिचा तो फोटोही. रोल तरी काढून दे म्हटलं.
"अकरा शिल्लक आहेत," म्हणाली. "ते मी काढणार."